सल्ला मिळेल, सही मिळणार नाही

चि. मिहिर आणि चि. ईरा,

मिहिर, तू परवा फोनवर म्हणालास की तुमच्या कंपनीच्या कॉन्फरन्समध्ये तुला दोन दिवस मदतीच्या टेबलावर बसवणार आहेत. "आजी, तू पण असलंच काहीतरी करायचीस ना?" असं विचारलंस आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ईराकडे दिलास. ईराने विचारलं, जेवलीस का. मग तुम्हाला बाहेर जायचं होतं.

हो, मी असलंच काहीतरी करायची. चौदा वर्षं. तुमची आई त्याला 'आजीचं समाजकार्य' म्हणते, तो शब्द मला पसंत नाही. समाजकार्य करणाऱ्या बायका प्रेमळ असतात. मी बहुतेक वेळ वैतागलेली असे. शिवाय माझ्याकडे इथल्या मराठी मंडळाचं रीतसर नेमणुकीचं पत्र होतं आणि वेळ ठरलेली होती: मंगळवार, शुक्रवार चार ते सात, रविवारी सकाळी नऊ ते बारा. ज्या कामाला वेळेवर जावं लागतं आणि जिथे लोक तुमच्यावर ओरडू शकतात, त्याला नोकरी म्हणतात.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादकही दोन वर्षं लेखासाठी मागे लागले आहेत. त्यांना याचीच प्रत देईन. तीच गोष्ट दोनदा लिहायला मला वेळ नाही.

तुमचे आजोबा इथल्या एका संशोधन संस्थेत लागले आणि मी पुण्याहून बंगळूरला आले, ते पन्नासच्या दशकात. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, सव्वीस वर्षांची, घरात एक स्टोव्ह, दोन खुर्च्या आणि दिवसभर प्रयोगशाळेत असणारा नवरा. तेव्हा इथे मोठमोठे कारखाने निघत होते. निपाणी, बेळगाव, विजापूर या बाजूची मुलं फिटर नाहीतर टर्नर म्हणून भरती होत, वर्षभरात लग्न करून बायकोला आणत, आणि मग त्या बायकोला काही दुखलं-खुपलं की कुठे जायचं हे कोणालाच माहीत नसे. मंडळाचे कार्यवाह श्रीपादअण्णा निवृत्त शिक्षक होते. लोक त्यांच्या घरी वेळी-अवेळी येत. त्यांच्या पत्नीने एक दिवस सांगितलं, की एकतर हे लोक दारात राहतील नाहीतर मी. म्हणून बसवनगुडीतल्या मंडळाच्या भाड्याच्या हॉलमध्ये, व्हरांड्याच्या टोकाला एक टेबल मांडलं आणि इंग्रजी येणारी, मूल नसलेली, रिकामी बाई म्हणून मला त्यामागे बसवलं.

बाहेरच्यांना वाटतं, सल्ला देणं म्हणजे आपल्याला जे कळतं ते दुसऱ्याला सांगणं. तेवढंच असतं तर मी दुपारी झोप काढून मग गेले असते. खरं काम वेगळं आहे. टेबलापाशी आलेला माणूस जे विचारायला आला, ते विचारतच नाही. तो आधी पोस्टाची वेळ विचारतो. मग दात दुखतो म्हणून डॉक्टर विचारतो. मग उठून दारापर्यंत जातो, परत येतो आणि म्हणतो, "वहिनी, माझ्या एका ओळखीच्या माणसाचं असं झालंय…" तुम्ही अशा वेळी, "तो माणूस म्हणजे तूच ना?" असं कधीही विचारायचं नाही. विचारलंत तर तो पुन्हा येणार नाही. त्या ओळखीच्या माणसाला सल्ला द्यायचा, आणि तो घरी जाऊन बरोबर योग्य माणसापर्यंत पोहोचतो.

माझी स्वतःची पद्धत चिठ्ठीची होती. लोकांना काय बोलायचं ते कळतं, पण साहेबासमोर उभं राहिलं की बोबडी वळते. म्हणून मी त्यांना काय बोलायचं ते क्रमाने लिहून देई. निपाणीकडचा पाटील नावाचा एक फिटर होता. बायकोला सातवा महिना, घरात दुसरं कोणी नाही आणि त्याला रात्रपाळी. फोरमनला फक्त इंग्रजी आणि तमिळ येई. मी पाच इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहून दिली आणि तिसऱ्या वाक्यानंतर कंसात लिहिलं, 'इथे थांबून साहेबांकडे पाहावे.' पाटलाने ते कंसासकट पाठ केलं आणि कंसासकट म्हटलं.

"मग? फोरमन काय म्हणाला?" मी कपाळाला हात लावून विचारलं.

"काय म्हणतोय? तो माझ्याकडं बघतच राहिला, वहिनी. मग म्या पण बघितलो. लई वेळ बघितलो दोघं."

त्याला दिवसपाळी मिळाली. झालं ते चांगलंच झालं, पण त्यामुळे चिठ्ठ्यांवर माझा नको तेवढा विश्वास बसला.

या कारखान्यातल्या मंडळींखेरीज दुसरे होते ते इथले जुने मराठी. चिकपेटेत आणि आसपास तीनशे वर्षांपासून राहिलेली कुटुंबं. घरात मराठी, पण अशी की पुण्याच्या माणसाला अर्ध्या वाक्यात ठेच लागावी. प्रत्येक पुरुष अण्णा, प्रत्येक बाई अक्का, थोडं म्हणजे 'स्वल्प', आणि कशालाही 'सरी', म्हणजे 'बरं'. मी सांगितलेलं त्यांना समजलं म्हणून ते 'सरी' म्हणतात, असं मला पहिली काही वर्षं वाटत असे. ही मंडळी माझ्याकडे चिठ्ठी मागत नसत. त्यांना पत्र हवं असे: मंडळाचं पाकीट, वर गोल शिक्का, डॉक्टरांना किंवा शाळेच्या हेडमास्तरांना उद्देशून. ते पाकीट ती माणसं न उघडता, दोन्ही हातांनी धरून, जिथे न्यायचं तिथे नेऊन देत. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट उघडणं त्यांच्यात फार वाईट समजतात.

आणि माझ्या टेबलामागे एक पाटी होती, मीच रंगवून घेतलेली: 'सल्ला मिळेल. सही मिळणार नाही.' कारण पहिल्याच वर्षी तीन माणसांनी मला जामीन राहायला सांगितलं होतं आणि एकाने लग्नात वधूची मावशी व्हायला.

आता अधिवेशनाचं सांगते, कारण मिहिरला त्याचाच उपयोग आहे.

साठच्या दशकात एका डिसेंबरमध्ये शिक्षकांचं मोठं अधिवेशन इथे भरलं. महाराष्ट्रातून पुष्कळ प्रतिनिधी आले आणि त्यांची देखभाल मंडळाने अंगावर घेतली. माझं टेबल उचलून मांडवाच्या दारात ठेवलं. बंगळूर दक्षिणेत आहे म्हणजे उकडत असणार, अशा समजुतीने सगळे सुती कपडे घेऊन आले होते. पहिल्या दिवशी सकाळी माझ्यासमोर कुडकुडणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांची रांग लागली. स्वेटर कुठे मिळेल? उसना मिळेल का? चपाती कधी मिळेल? मिळेलच ना? नागपूरकडचे एक गृहस्थ तर रोज येत.

"बाई, सांबारात गूळ का आहे?"

"इथे तसंच करतात."

"पण का?"

"तुमच्याकडे वरणात का घालत नाहीत?"

"आम्ही कशाला घालू?"

"मग तेही तसंच म्हणत असतील."

"हे उत्तर झालं नाही," असं म्हणून ते रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहत.

सगळेच असे नव्हते. साताऱ्याकडचे एक तरुण मास्तर आले. भूगोलावर निबंध वाचणार होते. "कोणीच आलं नाही तर?" ते म्हणाले. मी म्हटलं, मी येईन, पहिल्या ओळीत बसेन, तुम्ही माझ्याकडे बघून वाचा. मी गेले. आम्ही चौघं होतो, त्यातले एक झोपले. मास्तरांनी नद्यांबद्दल चाळीस मिनिटं माझ्या डोळ्यांत बघून वाचलं. मिहिर, लोक आधार आधार म्हणतात तो हा. कंटाळा न दाखवता बसणं. मला तेवढं जमत असे, पण सोपं जात असे असं नाही.

आणि आता तुळसाक्का.

तुळसाक्का चिकपेटेतल्या जुन्या कुटुंबातली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. शिवणकाम करी. मंडळाचे पडदे, बायकांची झंपरं, सगळं तिच्याकडे. मापं लिहायची तिची एक जाड वही होती, आणि तिच्यात खाली मान घालून ती भराभरा लिहिताना मी दोन वर्षं पाहिली होती. अधिवेशनाच्या आठ दिवस आधी ती मांडवाच्या झालरीचं माप घ्यायला म्हणून आली, माप घेतलं, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"अक्का, एक ओळखीच्या बाईचं स्वल्प विचारायचं आहे."

"विचार."

"तिची मुलगी हुशार आहे. पण घरचे तिचं लग्न ठरवतायत."

"कितवीत आहे?"

"नववीत. आमची नागूपण नववीतच आहे बघा."

"असं का," मी म्हटलं.

हळूहळू सगळं आलं. तुळसाक्काचा नवरा चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. ती आणि नागरत्ना दिराच्या घरात राहत. दिराने नागूचं लग्न स्वतःच्या मेहुण्याशी ठरवलं होतं. मेहुणा बत्तीस वर्षांचा, बिजवर. नागू चौदाची. उन्हाळ्याच्या सुट्टीत बार उडवून द्यायचा होता. आणि तुळसाक्काने कुठूनसं ऐकलं होतं की अधिवेशनाला घाटावरच्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका यायच्या आहेत, त्यांच्या वसतिगृहात परप्रांतातल्या दोन मराठी मुलींना फुकट ठेवून घेतात.

"अक्का, तुम्ही विचाराल का त्यांना?"

मी नाही म्हटलं. माझं ठाम मत होतं की आपल्या मुलीसाठी आपण स्वतः बोलावं, मध्यस्थ नको. हे मत मी किती अभिमानाने मांडलं ते आठवलं की आजही स्वतःचा राग येतो.

"मी बोलू? माझी भाषा बघा की. त्या हसतील."

"हसणार नाहीत. मी लिहून देते काय बोलायचं. तू नीट पाठ कर."

"सरी, अक्का."

ती चिठ्ठी मला अजून शब्दन् शब्द आठवते. 'एक: साडी साधी व फिकट रंगाची नेसावी. दोन: प्रथम नमस्कार, मग मुलीचे गुण, मग विनंती. स्वल्प, सरी हे शब्द टाळावेत. तीन: यजमानांविषयी विचारल्यास "कामानिमित्त परगावी असतात" एवढेच म्हणावे. चार: दिरांनी ठरवलेल्या लग्नाचा उल्लेख करू नये. पाच: रडू नये.' तिसरा मुद्दा का लिहिला, तर टाकलेल्या बाईच्या मुलीकडे त्या काळी सभ्य संस्था कशा बघत हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, मी व्यवहार सांगते आहे. टेबलावर कोरा कागद शिल्लक नव्हता म्हणून मंडळाच्या कागदावर लिहिलं, तो पावसात भिजू नये म्हणून मंडळाच्या पाकिटात घातला, आणि सवयीने पाकिटावर शिक्का मारला.

"नीट वाच हं," मी बजावलं.

"सरी."

अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, रांगेत सांबारवाले गृहस्थ तिसऱ्या क्रमांकावर असताना, मुख्याध्यापिका दामलेबाई माझ्या टेबलापाशी आल्या. बुटक्या, पांढरी साडी, आवाज मात्र शंभर मुलींना प्रार्थनेला उभं करणारा. त्यांच्यामागे तुळसाक्का, लाल-हिरव्या भरजरी साडीत, हात जोडून, चेहरा आनंदाने फुललेला.

"हे अक्षर तुमचं?" दामलेबाईंनी कागद पुढे धरला.

"हो."

"वळणदार आहे. वाचते." आणि त्यांनी मांडवाच्या दारात, खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "साडी साधी व फिकट रंगाची नेसावी."

तुळसाक्काने मान डोलावली. आपलं कौतुक लिहिलंय असंच तिला वाटत होतं. दुसऱ्या मुद्द्याला तिची मान थांबली. तिसऱ्या मुद्द्याला तिने माझ्याकडे पाहिलं. रांगेतले लोक पुढे सरकले. दोन दिवस त्यांना माझ्याकडून एकही मनासारखं उत्तर मिळालं नव्हतं, आता मला कोणीतरी विचारतंय म्हटल्यावर त्यांना थंडी आठवेना.

"पाच: रडू नये," दामलेबाईंनी संपवलं आणि कागदाची घडी घातली. "या बाईंनी तुमचं पाकीट जसंच्या तसं मला आणून दिलं. मी विचारलं, यात काय आहे? म्हणाल्या, अक्कांचं पत्र आहे, मी कसं उघडणार?"

"तुळसाक्का!" मी ओरडलेच. "वाच म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"मला तुमचं हे बाळबोध कुठं वाचायला येतंय, अक्का? कन्नड असतं तर वाचले असते. नागूला येतं, शाळेत हिंदी आहे तिला. पण शिक्क्याचं पाकीट पोरीच्या हातात कसं देऊ?"

"मग तेव्हाच सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंच नाही की."

"सरी म्हणालीस की तू!"

"तुम्ही बोलला, मी ऐकले. म्हणून सरी."

त्या वहीतली मापं कन्नडात होती. दोन वर्षांत मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

दामलेबाई तुळसाक्काकडे वळल्या. "यजमान कुठे असतात?"

तुळसाक्काने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"गेला की हो," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. कोलारकडं दुसरा संसार केलाय म्हणतात. मी बघायला गेली नाही."

"आणि लग्नाचं काय?"

"तेच मोडायला आले, बाई. नागू पहिल्या नंबरची आहे. लग्न झालं की स्वल्प दिवसांत तीपण माझ्यासारखी दुसऱ्याच्या घरात बसून काजं करत राहणार." आणि मग तिने पाचवा मुद्दाही मोडला.

नागपूरच्या गृहस्थांनी रांग सोडून तिच्यासाठी एक खुर्ची आणली.

दामलेबाई माझ्यावर चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून प्रवेशाचा अर्ज काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि वर्गात समजावावं तसं समजावलं. "इथे वडिलांची किंवा पालकाची सही लागते. वडील परगावी असतात असं ही म्हणाली असती, तर मी अर्ज परगावी पाठवला असता. मग काय केलं असतंत? मुलगी वसतिगृहात, सही नाही, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला परत पाठवली असती."

मी अर्जावर पेपरवेट ठेवला.

"आईची सही आमचे विश्वस्त धरत नाहीत. मी भांडते आहे, अजून जिंकले नाही. दीर करणार नाही. तेव्हा दुसरा पालक हवा. शिकलेला, पत्रांना वेळेवर उत्तर देणारा, मुलगी आजारी पडली तर गाडीत बसून येणारा. मी उद्या दुपारी निघते." एवढं बोलून त्यांनी माझ्या डोक्यावरची पाटी वाचली, आणि गेल्या. पाटीसुद्धा टेबलाबरोबर मांडवात आली होती. मीच आणवली होती.

श्रीपादअण्णांना कळायला पाच मिनिटं लागली.

"सुमतीबाई, नाही हं," ते म्हणाले. "उद्या तिच्या दिराची माणसं मंडळाच्या दारात उभी राहतील. नियम तुम्हीच केलात."

"ठाऊक आहे."

"मला त्या पोरीचं वाईट वाटत नाही असं नाही."

"तेही ठाऊक आहे, अण्णा."

ते बरोबर होते. हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. संध्याकाळी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "अशा वेळी तू लोकांना काय सांगतेस?"

"परक्याच्या कागदावर सही करू नका, असं."

"मग प्रश्न काय आहे?" असं म्हणून ते वर्तमानपत्र वाचू लागले. शास्त्रज्ञाशी लग्न केल्याचे काही तोटे असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर बसले. अर्ज समोर, पेपरवेटखाली. तुळसाक्का मांडवाच्या खांबाशी जमिनीवर बसून सुटलेली झालर टाचत होती. तिने मला एकदाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, याची मला खात्री आहे. मनात सगळी वाक्यं तयार होती, क्रमाने. ती टाचत राहिली, मी लोकांना पोस्टाची वेळ सांगत राहिले. साडेअकरा वाजले.

तेवढ्यात नागपूरचे गृहस्थ आले. "बाई, आजचं सांबार कालच्यापेक्षा गोड आहे."

माझं डोकं सटकलं. त्या माणसाला तक्रार करायला जीभ होती, वेळ होता, आणि त्याचं उत्तर द्यायला मंडळाने एक अख्खी बी. ए. बाई नेमून ठेवली होती. आणि जिला खरोखर काही हवं होतं, ती खांबाशी बसून आमचीच झालर टाचत होती.

"पेन आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं. माझं पेन माझ्या हातातच होतं, हे मला नंतर कळलं.

त्यांनी दिलं. मी सही केली. पालकाचे नाव, पत्ता, मुलीशी नाते. नात्याच्या रकान्यापाशी थांबले आणि लिहिलं, 'नाही'. दामलेबाईंनी ते वाचलं आणि पहिल्यांदा हसल्या. "हे खरं लिहिलंत," त्या म्हणाल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. नागू दामलेबाईंबरोबर त्याच दुपारी गेली, एक ट्रंक आणि शाळेचा दाखला घेऊन. तिसऱ्या दिवशी तिचा काका मंडळात आला आणि टेबलावर हात आपटून म्हणाला, "आमच्या घरच्या पोरीची पालक तू कोण गं?" मी म्हटलं, कागदावर लिहिलंय तेवढीच. अण्णांनी त्याला कॉफी पाजून बाहेर नेलं आणि मग परत येऊन मला सांगितलं की काही महिने तुम्ही टेबलावर बसू नका. मी बसले नाही. माझ्या जागी एक प्रेमळ बाई आल्या. त्यांनी चार महिन्यांत दोघांना जामीन राहून दाखवलं आणि अण्णा स्वतः मला बोलवायला घरी आले.

पण जे मी मोजलंच नव्हतं, ते तुळसाक्काला भोगावं लागलं. दिराने तिला त्याच आठवड्यात घराबाहेर काढलं. ती बळेपेटेत एका खोलीत राहिली आणि तिथे नागूशिवाय सहा वर्षं काढली. मी चिठ्ठीत पाच मुद्दे लिहिले होते, आणि 'दीर घराबाहेर काढेल तेव्हा कुठे राहशील?' हा त्यात नव्हता. सल्ला देणारा टेबलावरून उठतो तेव्हा त्याचं काम संपतं. ऐकणाऱ्याचं तिथून सुरू होतं. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी तुळसाक्काजवळ तसं बोलले तेव्हा ती म्हणाली, "सांगितलं असतं तरी मी तेच केले असते, अक्का. तुम्ही स्वल्प कमी विचार करा."

त्यानंतर मी टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारत असे, कोणतं अक्षर वाचता येतं. लोकांना तो अपमान वाटे. मी तरीही विचारत असे.

आणि पालकपण! नागूला तिथलं जेवण आवडेना. बाजरीची भाकरी घशाखाली उतरेना, म्हणून तिने मला पत्र लिहिलं, मराठी भाषेत आणि कन्नड अक्षरांत, म्हणजे वसतिगृहाच्या बाईंना वाचता येऊ नये. ते वाचण्यासाठी मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कन्नड बाराखडी शिकावी लागली. शिकवली कोणी, तर तुळसाक्काने, शिवणाच्या मशीनशेजारी बसवून, आणि माझं अक्षर बघून ती खुशाल हसली. नागूला गोवर झाला तेव्हा तुमच्या आईला शेजारी ठेवून दोन दिवसांचा प्रवास करून मी गेले. मॅट्रिकनंतर तिने शिक्षिका व्हावं असा माझा सल्ला होता, ती नर्सिंगला गेली. लग्न करू नकोस त्या मुलाशी, असं मी स्पष्ट सांगितलं होतं, त्याच्याशी तिने केलं, आणि तो चांगला निघाला, याचा मला आजही थोडा राग आहे. ती आता जयनगरात राहते. महिन्यातून एकदा येते, माझा रक्तदाब बघते आणि मी जे खाऊ नये ते सगळं मोठ्याने सांगते. सल्ला देण्याची तिची पद्धत मला अजिबात पसंत नाही.

तुळसाक्का गेली त्याला बरीच वर्षं झाली. अण्णाही गेले. मंडळाची आता स्वतःची इमारत आहे. तिथे टेबल नाही, लोक फोनवर एकमेकांना विचारतात आणि सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटांतून एकमेकांना चुकीची उत्तरं देतात. मी त्यात पडत नाही.

गेल्या वर्षी नागू जुना दाखला काढायला त्या शाळेत गेली होती. तिथल्या कारकुनाने तिला प्रवेशाचं रजिस्टर काढून दाखवलं. नागरत्ना हे तिचं नाव, त्यापुढे पालक म्हणून माझं. नंतर शाळेने आईच्या सह्या धरायला सुरुवात केली आणि बऱ्याच मुलींच्या पालकांची नावं बदलून घेतली. हे एक तसंच राहिलं आहे.